हसऱ्या चेहऱ्याचं बटण

आमच्या घराला तंबाखूचा वास होता. सोलापुरातल्या एका खोलीत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि तिच्यासमोर बसून मी पाठांतर करायची. वडील लवकर गेले. सैल बांधलेली विडी कारखान्यातला माणूस बाजूला फेकायचा, म्हणून आईची बोटं डोळे मिटूनही दोऱ्याची घट्ट गाठ मारायची. त्या सुपावर मी इंजिनिअर झाले. घराण्यातली पहिली. हे मी जिथं तिथं सांगते; लाज कसली?

चेन्नईजवळच्या सिरुसेरीत नोकरी लागली, बस्तान बसलं, तेव्हा आईला चेन्नईला आणलं आणि जाहीर केलं, "आता तू कशाला हात लावायचा नाही." स्वयंपाकाला बाई, भांड्यांना बाई, अकराव्या मजल्यावरचा वारा. तीन महिन्यांत आईची साखर वाढली, झोप उडाली, जेवण अर्ध्या चपातीवर आलं. "मला गावाकडं सोड," एवढंच म्हणायची. आणि गावाकडं तिला बघायला कोणी नव्हतं.

आता योग बघा. माझी टीम तेव्हा म्हाताऱ्या माणसांचं मन सांभाळणारं अ‍ॅप बनवत होती. रोज सकाळी ते विचारायचं, 'आज कसं वाटतंय?' खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आईच्या फोनवर मीच ते टाकलं. तिचा आलेख बघावा तर रोज हसरा. मीटिंगमध्ये मी तो अभिमानानं दाखवलासुद्धा. त्याच संध्याकाळी तिचं ताट जसंच्या तसं परत आलं.

"आई, तू रोज हसराच का दाबतेस?"

"मग? रडका दाबला तर तुझा सायेब तुलाच बोलंल की."

पुढच्या आठवड्यात एकदा दुपारीच घरी आले, तर आई घरात नाही. धावत खाली गेले. गेटपाशी फूलवाली बसते. तिच्या शेजारी, पोत्यावर, माझी आई. मांडीवर पुन्हा सूप, फक्त त्यात मोगऱ्याच्या कळ्या.

"अक्का, वेगमा, वेगमा!" फूलवाली लवकर लवकर म्हणून घाई करत होती.

"आगं, दमानं घे की! सैल गाठ मला चालत न्हाई," आई तिला मराठीत ओरडत होती. एकीचं अक्षर दुसरीला कळत नव्हतं, तरी भांडण रंगात आलं होतं.

मी शरमले. इंजिनिअरची आई फुटपाथवर! "ऊठ आधी. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. मला कुठं तमिळ कळतंय?"

"आई, यातून तू सुटावीस म्हणून मी शिकले."

"तू सुटलीस न्हवं? झालं तर मग. मला कशाला सोडवतीस?"

त्या संध्याकाळी आईनं दुसरी चपाती मागितली. मी गुपचूप वाढली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी पाट घेऊन खाली गेले.

अ‍ॅप आई आता उघडत नाही. ऑफिसच्या आलेखात ती लाल रंगात, 'काळजी घ्या'च्या खान्यात आहे. घरी ती दोन्ही वेळा पोटभर जेवते, तिला झोप लागते, साखर आटोक्यात आली आहे. गावाकडं सोड, असं ती आता म्हणत नाही.