किल्ल्यांच्या गाडीत

कुंडलच्या राजेश्वरीला त्या दिवशी कुठंच जायचं नव्हतं. दिवाळीचा फराळ तिनं एकटीनं केला होता. पाडव्याला म्हशी धुऊन, रंगवून ओवाळल्या होत्या. भाऊबीजेला नणंदा आल्या, जेवल्या, डबे भरून घेऊन गेल्या. चार म्हशींच्या दोन्ही वेळच्या धारा तर रोजच्याच. तिला फक्त आडवं व्हायचं होतं. पण नवरा शिवतेज फौजेतून रजेवर आला होता, दोन दिवसांत परत जाणार होता, आणि पोरानं, ऋषिराजनं, हट्ट धरला होता.

तासगावजवळ एका बागायतदारानं द्राक्षबागेत रुळांवरची छोटी गाडी सुरू केली होती. दिवाळीच्या सुट्टीत ती किल्ल्यांची गाडी झाली होती. डब्यांवर गडांची नावं, वाटेत मातीचे किल्ले, त्यांच्यावर मावळे आणि शेवटी आकाशकंदिलांनी भरलेला पत्र्याचा बोगदा.

राजेश्वरी अंधारातच उठली. धारा, शेण, दशम्या, सगळं उरकून ती शेजाऱ्यांच्या जीपमध्ये बसली. मनात एक प्रश्न होता. शिवतेजची नोकरीची मुदत येत्या वर्षी संपत होती, पण ती वाढवून मिळते, असं तो एकदा फोनवर बोलून गेला होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा विचारायला सवडच मिळाली नाही. गाडीत तो शेजारी बसेल, तेव्हा विचारू, असं तिनं ठरवलं होतं.

पुढच्या बाकावर ऋषिराज आणि त्याची आजी मनुबाई बसले, मागं हे दोघं. चालक मावळ्याच्या वेशात होता, मिशी चिकटवलेली. तुतारीचा भोंगा वाजवून त्यानं गाडी सोडली.

"ह्यो बघ, परतापगड," शिवतेज म्हणाला.

राजेश्वरीचं डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं होतं, तोंड अर्धवट उघडं. त्याला आधी हसू आलं. मग मांडीवर पडलेला तिचा हात त्यानं पाहिला. बोटांना चिरा पडल्या होत्या, मनगटावर तळणाचा ताजा डाग होता. भोंगा पुन्हा वाजला, तरी ती हलली नाही.

फेरी संपली. माणसं उतरली.

"ताई आजारी हायत का?" चालकानं विचारलं.

"न्हाई. झोपलीय."

"उठीव तिला," मनुबाई पुटपुटल्या. "लोकं बघत्यात."

"बघू द्यात. आये, तू पोराला घिऊन सावलीला बस. रस पी."

गर्दी फारशी नव्हती. शिवतेजनं पुन्हा तिकिटं काढली आणि तो तिच्या शेजारी बसला. मग पुन्हा काढली. तेच किल्ले येत होते, जात होते.

बोगद्यात ती एकदम दचकून उभी राहिली. "आवं, धारा ऱ्हायल्या!"

त्यानं तिचा दंड धरला. "आगं, तासगावात हाय आपण."

"पोरगं कुठाय?"

"आयेजवळ. रस पितंय."

किती फेऱ्या झाल्या ते कळल्यावर ती आधी लाजली, मग चिडली. "सगळ्यांम्होरं माझा तमाशा! उठवलं का न्हाई?"

"जिवावर आलं उठवायचं."

ती खाली बसली. तोंडावरून पदर फिरवून म्हणाली, "मुदत वाढवून घेणार हाय तुमी?"

त्यानं बाहेर पाहिलं. "सही करून आलोय. दोन वर्सं."

भांडायलाही अंगात बळ लागतं. "बरं," ती म्हणाली. मग सपाट आवाजात, "तर मग दोन म्हशी इका. चार माझ्यानं व्हत न्हाईत."

"इकू."

घरी मनुबाईंनी ते ऐकून घेतलं नाही. "दावणीची जनावरं इकायची? माझ्या हातची वाढलेली हायत ती."

दुसऱ्या दिवशी पहाटे राजेश्वरीला निजू देऊन शिवतेज गोठ्यात गेला. म्हशीला त्याच्या हाताची सवय नव्हती. तिनं लाथ झाडली, बादली पार दारापर्यंत घरंगळली. मनुबाई तरातरा पुढं आल्या, "सरक, मी काढती" म्हणत खाली बसल्या. धार लागली खरी, पण गुडघ्यांनी दगा दिला. त्यांना उठताच येईना. आवाज ऐकून राजेश्वरी आली. तिनं सासूला काखेत हात घालून उभं केलं, बादली विसळली आणि म्हशीखाली बसली.

मनुबाई भिंतीला धरून सुनेकडं बघत होत्या.

"दोन न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "एक इका."

त्याच संध्याकाळी, शिवतेज जायच्या आदल्या दिवशी, पलूसचा एक जण म्हैस घेऊन गेला. महिन्याभरानं शिवतेजनं सीमेवरून फोन केला. "आता जरा बरं हाय का?"

"तीन हायत अजून," राजेश्वरी म्हणाली. "पर सकाळी चहा बसून पिती." एवढं बोलून तिनं फोन मनुबाईंकडं दिला. तोडणीची टोळी उसात उतरली होती, राजेश्वरीला म्हशींच्या वैरणीसाठी वाढं, उसाचे हिरवे शेंडे, आणायला जायचं होतं.