आत्याच्या चहातला गूळ

साजगावच्या कारखान्यात दुपारचा डबा नुकताच आटोपला होता, तेव्हा भावाचा फोन आला. "ताई, आत्या गेली गं." महिना होऊन गेला त्याला. तिची मूत्रपिंडं थकली होती, दवाखान्याच्या खेपा घालून आम्हीही थकलो होतो, त्यामुळे धक्का असा बसला नाही. तरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत परत जाऊन हातमोजे चढवले आणि पुढे काय करायचं तेच आठवेना…

आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. गावाहून कर्जतच्या कॉलेजला रोज जाणं जमेना, म्हणून वडिलांच्या या विधवा बहिणीने मला पळसदरीला स्वतःकडे ठेवून घेतलं. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक ती एका फार्महाऊसवर करायची. मी बीएस्सी झाले तेव्हा आळीत सांगत फिरली, "आता काय इचारायचं ते माझ्या भाचीला इचारा." लोक खरंच विचारायचे, आणि मीही सांगायचे.

पुढे लग्न होऊन मी खोपोलीला आले. आत्याला मधुमेह निघाला तेव्हा तिनेही मलाच विचारलं. मी निघायच्या घाईत होते. म्हणाले, "साखर बंद कर. अगदीच वाटलं तर त्यापेक्षा गूळ बरा." कुठंतरी वाचलेलं वाक्य, तेवढंच. तिने साखरेचा डबा त्याच दिवशी शेजारच्या काकूंना देऊन टाकला. मग चहात गूळ, नाचणीच्या लाडवात गूळ, भोपळ्याच्या घारग्यांत गूळ. मुंबईचे पाहुणेही आवर्जून गुळाचंच मागायचे, त्यामुळे तिची खात्रीच पटली. डॉक्टर विचारायचे, "गोड काय खाता?" ती प्रामाणिकपणे सांगायची, "काय नाय. साखरंला हात लावत नाय." शेजारी बसून मी मान डोलवायचे.

असं दोनेक वर्षं चाललं. एका रविवारी संध्याकाळी तिच्या फळीवर अर्धी ढेप दिसली.

"एवढा गूळ कुणाला गं?"

"मला. तूच सांगितलंस की."

गुळानेही रक्तातली साखर चढते, मधाने, खजुरानेही चढते, हे तिला तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "मंग गोड म्हंजे खायाचं तरी काय?"

"कमी गोड. हळूहळू जीभ विसरते."

"जीभ इसरंल गं. सणाला काय सांगू?"

पण ती शिकली. घारग्यांत भोपळ्याचा असेल तेवढाच गोडवा आणि वेलदोडा, लाडवाऐवजी नाचणीची ताकातली आंबील, आणि फिका चहा. "शिकलेल्या मान्सांचं गरम पानी," असा टोमणा मारून प्यायची. रिपोर्ट थोडे सुधारले. मूत्रपिंडं मात्र सुधारली नाहीत… मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही.

तेराव्याला तिच्या स्वयंपाकघरात शेजारच्या काकू भांडी आवरत होत्या. म्हणाल्या, "सोताच सांगायची गं. भाचीनं पयल्यापासून बजावलं व्हतं, पन मीच चोरून गूळ खाल्ला, म्हनायची. लई वाईट वाटायचं तिला."

माझा शब्द आळीत खाली पडू नये म्हणून तिने स्वतःला चोर ठरवलं होतं.

"नाही काकू," मी म्हणाले. "गूळ खा म्हणून मीच सांगितलं होतं. तिने काही चोरलं नाही."

काकूंनी हातातलं पातेलं फळीवर पालथं घातलं. म्हणाल्या, "बरं… आमच्या सुनंला पन शुगर निघालीय. खजुराचं लाडू चालतील का गं तिला?"

"खजुरातही साखर असते, काकू. किती चालेल ते मला ठाऊक नाही. उद्या तिला घेऊन डॉक्टरांकडेच जाऊ."

आत्याच्या त्या स्वयंपाकघरात 'मला ठाऊक नाही' असं मी पहिल्यांदाच म्हणत होते.