रक्त तपासायचं निमित्त

भाचीच्या साखरपुड्याची व्यवस्था माझ्याकडे होती. हॉल, आचारी, आहेर, सगळं मी यादीप्रमाणे उरकत होते. मुलाची आई मंद्रूपहून जुळे सोलापुरात माझ्या भावाच्या फ्लॅटवर आली आणि तिनं यादीत नसलेली गोष्ट काढली.

“पोरीचं रक्त तपासून घिऊ या की. आता समदेच करत्यात.”

तपासावंच, त्यात वावगं काही नाही. पण त्याआधी तिनं दोनदा विचारलं होतं, पोरगी खो-खो कधीपासून खेळते, कधी जोरात पडली होती का. ते मला खटकलं होतं. दवाखाना कळला आणि शंका पक्की झाली. बाळंतपणाचा दवाखाना, डॉक्टरीणबाई त्यांच्याच नात्यातल्या.

“मग दोघांचीही वेळ एकदमच घेते,” मी फोन उचलत म्हटलं.

“अगं बाई, बायकांच्या दवाखान्यात त्यो कशाला?”

“रक्त त्यालाही आहे की.”

“तुमी लई हुशार,” ती हसली. चहा मात्र तसाच ठेवून गेली.

वहिनी दार लावून म्हणाली, “वन्सं, एकदा दाखवून आणू. आपल्या पोरीत काय खोट आहे घाबरायला?”

“पोरगी कुणाबरोबर होती की नव्हती, हे शरीर बघून कुठल्या डॉक्टरला कळत नाही.”

“मला कळतं हो ते. पण नाही म्हटलं तर गावभर काय होईल? खोट होती म्हणूनच नाही म्हणाले, असंच ना?”

आतल्या खोलीतून भाची आली, आमच्यासमोरच तिनं मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“तुझी आई रक्त तपासायला सांगतेय.” दवाखान्याचं नाव तिनं मुद्दाम घेतलं नाही.

“हो, जाऊन ये ना. त्या बाई घरच्याच आहेत, दुखू देणार नाहीत. आईचं समाधान होईल एकदाचं.”

“आणि तुझं काय तपासायचं?”

“माझं? माझं काय असतं त्यात?”

भाचीनं फोन बंद करून माझ्या हातात दिला. “आत्या, हॉलवाल्याला सांग.”

वहिनी डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी हॉलवाल्याला फोन केला. बुकिंग रद्द म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणून विचारलं, “मुलीचं काही…?”

“नाही,” मी म्हटलं. “मुलगा तपासणीला तयार नाही.”