शेजारच्या वर्गात

आमच्या घरात पिणारा माणूस एकच होता, पण मीटिंगला आधी गेलो आम्ही दोघी, मी आणि माझी सासू. सासूला मी आत्या म्हणायची. नव्वदनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही नेवाशाला राहायचो आणि हे वायरमन होते. गावातली लाइट गेली की लोक वैतागायचे, मी मात्र हातातलं काम टाकून दाराकडे बघत बसायची. आता ह्यांना बोलावणं येणार आणि हे तसल्या अवस्थेत खांबावर चढणार.

एकदा ह्यांना कावीळ झाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "नगरला एका शाळेत रविवारी दुपारी दारू सोडू पाहणाऱ्यांची मीटिंग असते. शेजारच्या वर्गात घरच्या माणसांची."

"हे यायचे नाहीत," मी म्हणाले.

"मग तुम्ही जा."

मला हसूच आलं. आम्ही थोडंच पीत होतो? पण आत्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "जाऊन तर बघू. इथं बसून तरी काय हुतंय?" एरवी आमचं फारसं जमत नव्हतं. माझ्यामुळे मुलगा पितो असं त्यांना वाटायचं आणि त्यांच्या लाडामुळे पितो असं मला. त्या रविवारी शेजारणीला डोळे तपासायला जातो म्हणून सांगितलं आणि एसटीत बसलो.

नगरला माळीवाडा स्टँडवर उतरून विचारत विचारत शाळेपाशी पोचलो. फाटक अर्धवट उघडं होतं. वॉचमनने कोण पाहिजे म्हणून विचारलं. मी आत्यांच्या मागे सरकले. आत्या म्हणाल्या, "शिवणकामाचा क्लास हाय का हितं?"

त्याने आमच्याकडे पाहिलं. "शिवणकामाचा नाही. दारूच्या मीटिंगला आलाय ना? मागच्या बाजूला, डावीकडचा वर्ग. चहा व्हायचाय अजून, जा."

तो इतक्या सहज बोलला की आमची लाज जागच्या जागी निम्मी झाली.

वर्गात लहान मुलांची बाकं होती. त्यात गुडघे दुमडून आठ-दहा बायका आणि एक म्हातारे गृहस्थ बसले होते. निळ्या साडीतल्या एक बाई मीटिंग चालवत होत्या. "इथं बोललेलं इथंच राहतं. बोलायचं नसेल तर नुसतं ऐका," त्या म्हणाल्या. मी नुसतंच ऐकायचं ठरवलं होतं. एकीने सांगितलं, तिने नवऱ्याच्या चपला कपाटात कोंडल्या, तर तो अनवाणीच गुत्त्यावर गेला.

माझ्या शेजारून आत्यांचा आवाज आला, "आमी बी लपवल्या हुत्या. तर ह्यो माझ्या चपला घालून गेला."

सगळा वर्ग हसला. आत्याही हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ह्याच गोष्टीवरून आम्ही घरी दोन दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो.

मग त्या आपणहून बोलत राहिल्या. "मी विहारात पंचशील म्हनते. पाचव्या शीलाला आले की आवाज निघत न्हाई. दारूपासून लांब राहीन म्हनायचं, अन् घरी पोरगा पिऊन पडलेला. वाटतं, समदे माझ्याकडंच बघत्यात." मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या पोरीला मी लई बोलले. पन तिनं काय त्याच्या तोंडात वतली न्हाई."

कुणी च्च च्च केलं नाही की उपदेश केला नाही. निळ्या साडीतल्या बाईंनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. मला पाठीवरचं ओझं कुणीतरी धरल्यासारखं वाटलं.

परतीच्या एसटीत आत्यांनी खिडकीजवळची जागा मला दिली. वाटेवरचं घोडेगाव येईपर्यंत आम्ही बोलत होतो.

मग आम्ही जमेल तसं जात राहिलो. एका सकाळी ह्यांचे सोबती बोलवायला आले. हे अंथरुणातच होते. अशा वेळी 'ताप आलाय' हे आमचं ठरलेलं उत्तर असायचं. त्या दिवशी मी दारातच म्हणाले, "रात्री जास्त झालीय. आज खांबावर चढवू नका." आत्या माझ्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खरं हाय ते."

ते ऑफिसातल्या साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ह्यांना खांबावरून काढून सामानाच्या स्टोअरमध्ये बसवलं. हे आठवडाभर आम्हा दोघींशी बोलले नाहीत. पण लाइट गेली तरी मी स्वस्थ भाकरी थापत राहायची. तेवढ्याने सुद्धा मला भरून यायचं.

पुढे एका रविवारी आम्ही निघालो, तर हे दाढी करून दारात उभे. "मी पण येतो."

आत्यांनी हातातली पिशवी ह्यांच्याकडे दिली. "चल," एवढंच म्हणाल्या.

शाळेत पोचल्यावर हे दुसऱ्या वर्गात गेले. आम्ही आमच्या बाकांवर बसलो. मग भिंतीपलीकडून ह्यांचं खोकणं ऐकू आलं आणि त्यानंतर ह्यांचा आवाज. शब्द कळत नव्हते. आत्यांनी माझा हात दाबून धरला होता.

लगेच सगळं सरळ झालं नाही. मध्ये हे दोनदा घसरले, पुन्हा मीटिंगला गेले, आणि मग सुटली ती सुटलीच. खांबाचं कामही परत मिळालं. एकदा हे आत्यांना म्हणाले, "मी तर सोडली. आता तुम्ही दोघी कशाला येता?"

आत्या पिशवीत शेंगा भरत होत्या. "आमचं अजून बोलून झालं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघं स्टँडकडे निघालो.