डोक्यातलं ओलीत

इंजेक्शनचा पेशंट पाच मिनिटांत निघून जातो, त्याचा किस्सा काय होणार? आमचा पेशंट आठवडेच्या आठवडे रोज येतो, म्हणून किस्से साचतात. बुलढाण्यातल्या आमच्या मनोविकारांच्या दवाखान्यात चुंबकाचं मशीन आहे. ते डोक्याला टेकवलं की टकटक करतं. ठरवतात डॉक्टर, चालवते मी.

डोक्यावर, गळ्यात धातू चालत नाही. एका रिटायर्ड गुरुजींनी चष्मा काढला, साखळी काढली आणि कवळीही काढून माझ्या हातात दिली. मग "दुखतंय का?" विचारलं, तर उत्तर कळेना. कवळी परत बसवायला लावली.

वडनेर भोलजीचे नामदेवराव बायकोला, सुमनबाईंना, घेऊन आले. बाई उदास होऊन गप्प झाल्या होत्या. कित्येक महिने एक शब्द नाही. मशीनचा जोर ठरवायला आधी मेंदूतली हात हलवणारी जागा शोधतात. ती सापडली की अंगठा आपोआप उडतो. बाईंचा अंगठा उडाला आणि नामदेवरावांनी त्यांच्या चपला पुढे आणून ठेवल्या.

"झालं नं? चाल सुमन, साडेबाराची गाडी भेटते."

डॉक्टरांनी त्यांना बसवलं. अंगठा मशीननं हलवला होता, बोलायचं बाईंना होतं.

दुसऱ्या दिवशी नामदेवरावांनी मशीन काय करतं ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चुंबकामुळे मेंदूत बारीक करंट तयार होतो, सुस्तावलेल्या पेशी कामाला लागतात. काम वाढलं की तिथं रक्तही जास्त जातं."

"म्हंजे डोक्यात ओलीत करून राह्यले तुमी."

"तसंच समजा."

"मंग बरं हाये, इथं दिवसा लाइट राह्यते. आमच्या मोटरीले रातची देतात."

तिसरा आठवडा संपला तरी बाई गप्पच. नामदेवराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, माह्या डोक्याले लावा ते मशीन."

"तुम्हाला काय झालंय?"

"मी रोज बोलतो तिच्याशी. आता काय बोलू, सुचत नाई."

मला फार वाईट वाटलं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी ते पुन्हा सांगितलं नाही.

मशीनसाठी काढलेलं सुमनबाईंचं मंगळसूत्र खाली ठेवायचं नाही म्हणून नामदेवराव ते स्वतःच्या गळ्यात घालून बाहेर बसत. एकदा तसेच समोरच्या टपरीवर चहाला गेले. काळे मणी शर्टावर, टपरीवरचे लोक बघतायत. मशीन झाल्यावर मी सुमनबाईंना दारापर्यंत आणलं. त्या थांबल्या, नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"इकडं द्या ते. लोक हासून राह्यले."

आवाज घोगरा होता, पण बाईंचाच. नामदेवरावांनी चहा खाली ठेवला आणि मंगळसूत्र मुठीत धरलं.

"नाई देत."

"द्या म्हनलं नं."

"नाई देत. अजून एक डाव म्हन."