सईसाठी पेटवलेली आग

नवी जागा दिसली की तो आधी जमिनीवर आडवा व्हायचा. अंगात जाड जाकीट, पायात बूट, आणि तसाच गवतात उताणा. डोळे मिटून एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. मग उठून बसायचा आणि म्हणायचा, "नाही जमत. डोकं उताराला जाऊन राहिलं." की आम्ही मुकाट्याने सामान उचलून पुढे. "पोरांना झोपवायचं तर आधी आपण झोपून पाहा नं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

डब्लिनच्या सँट्री भागात तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. सोबत बायको आणि अंगाखांद्यावर खेळणारा एक मुलगा. परदेशात राहिलेल्या बहुतेकांना असा एक शेजारी भेटलेला असतो. तुम्हालाही भेटला असेल. तो नसता तर त्या देशात आपण फक्त नोकरी केली असती.

आम्ही आयर्लंडला आलो तेव्हा आमची लेक सई नुकती चालायला लागली होती. मी आणि माझा नवरा सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये चकरा मारायचो, कारण दुसरं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. एका शनिवारी त्याने दार वाजवलं. "वहिनी, पोरगी कार्पेटवरच वाढवून राहिले का? चला, डोंगरात."

"हॉटेल कुठलं बुक केलंय?" मी विचारलं.

"हॉटेल कायले? सरकारी जमीन आहे. संध्याकाळी तंबू टाकायचा, सकाळी उचलायचा. नीट वागलो तर कोणी काही म्हणत नाही."

नीट वागणं म्हणजे काय, हे तो शाळामास्तरासारखं शिकवायचा. रस्त्यावरून तंबू दिसता कामा नये. संत्र्याचं साल पडलं तरी उचलून खिशात. पोरांना 'जायचं' असेल तर पाण्यापासून लांब खड्डा, आणि तो त्यांनीच बुजवायचा. सगळ्यात कडक नियम आगीचा. स्वयंपाक छोट्या गॅसवर, शेकोटी कधीच नाही. "वरून माती दिसते, पण खाली टर्फ आहे, कुजून दबलेल्या झाडपाल्याची. इथले लोक चुलीत जाळतात ती. एकदा धरली की आतल्या आत सरकत जाते."

सईचं आणि त्याचं खास जमायचं. ती शाळेतल्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत बोलायची, तो नागपुरी मराठीत, आणि दोघांचं कुठे अडायचं नाही.

"इट्स ग्रँड, काका," ती खुंटी ठोकून म्हणायची.

"ग्रँड तर ग्रँड, पण वाकडी आहे नं ती!"

मग दोघं ती उपटून पुन्हा ठोकायचे. त्याच्या मागे मागे फिरून माझी मुलगी अंधाराला, किड्यांना, ओल्या गवताला भ्यायची थांबली.

सई सात वर्षांची असतानाचा मे महिना. विकलोच्या डोंगरात, एका तळ्याकाठी आम्ही दोन्ही कुटुंबं होतो. बरेच दिवस पाऊस झाला नव्हता. गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधमक फुलली होती आणि पायाखाली वाळलेलं गवत कुरकुर वाजत होतं. सकाळी चहा व्हायच्या आतच गॅस संपला. त्यावरून आमची थट्टामस्करी चालली होती, एवढ्यात सई दगडावरून घसरली आणि तळ्यात पडली.

आम्ही उठेपर्यंत तो पाण्यात होता. बुटांसकट, कमरेपर्यंत. त्यानेच तिला काखेत धरून बाहेर आणलं. मी तिचे कपडे बदलले, दोन पांघरुणं गुंडाळली, पण तिचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजायचे थांबत नव्हते. गाडी बरीच खाली, पायवाटेच्या टोकाला होती.

तो काटक्या गोळा करायला लागला.

"दादा, अहो तुम्हीच तर..." मी म्हटलं.

"वहिनी, पोरगी थरथरून राहिली. काही होत नाही."

दगडांच्या मधोमध त्याने छोटीशी आग केली. सईला जवळ बसवलं, तिची पावलं स्वतःच्या तळव्यांत धरून चोळत राहिला. तिच्या गालांवर रंग परतेपर्यंत त्याने स्वतःचे ओले मोजेही काढले नाहीत. मग पातेल्याने पाणी आणून आणून त्याने ती आग विझवली, राखेत हात घालून पाहिला.

आम्ही तंबू आवरत असताना त्या जागेपासून काही पावलांवर गवतातून धूर निघाला. टर्फने पेट घेतला होता. मिळेल त्या भांड्याने आम्ही पाणी ओतत होतो, तेवढ्यात खालून एक बाई फावडं घेऊन धावत आल्या. जंगलखात्याच्या रेंजर. रस्त्यावरून त्यांना धूर दिसला होता. त्यांनी जमीन खणून ओली केली, आम्ही पाणी आणत राहिलो. धूर थांबल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि विचारलं, "आग कोणी लावली?"

मला वाटलं, तो म्हणेल, मी लावली, पोर पाण्यात पडली होती. बाई समंजस दिसत होत्या. ऐकून घेतलं असतं.

तो त्याच्या ऑफिसच्या इंग्रजीत बोलला. आग यांनी लावली. मी नको म्हणत होतो. हात माझ्या नवऱ्याकडे, डोळे तळ्याकडे.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. बोलली ती सई. पांघरुणातून मान बाहेर काढून. "बट काका लिट इट. फॉर मी."

तो हसला. मोठी माणसं लहान मुलांवरून एकमेकांकडे बघून हसतात, तसा. आणि रेंजरबाईंना म्हणाला, "लहान आहे. गोष्टी रचते."

त्याची बायको मुलाला छातीशी धरून उभी होती. तिने मान वर केली नाही. रेंजरबाईंनी त्याच्या कमरेपर्यंत भिजलेल्या पँटकडे पाहिलं, मग सईच्या ओल्या केसांकडे. माझा नवरा पुढे झाला आणि स्वतःचं नाव-पत्ता सांगून मोकळा झाला. पोरांसमोर तमाशा नको, एवढंच त्याच्या मनात होतं. बाईंनी समज दिली आणि आम्हाला जाऊ दिलं.

गाडीत सईने विचारलं, "डिड आय मेक इट अप?"

"नाही. तू अगदी खरं बोललीस."

"मग काका असं का म्हणाला?" हे तिने इंग्रजीतच विचारलं. मी तिच्याभोवतीचं पांघरूण नीट केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या दारात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"वहिनी, माझा नागरिकत्वाचा अर्ज टाकलेला आहे. मध्ये नोकरी गेली होती, आधीच उशीर झाला. कुठे नाव लागलं असतं तर सगळंच अडकलं असतं. तुमचं तर झालं आहे नं. तुम्हाला काय फरक पडते?"

"आम्हाला म्हणाला असतात तर आम्हीच आमचं नाव दिलं असतं, दादा."

"विचारायला वेळ कुठे होता?"

"आणि सईला खोटं पाडायला होता?"

तो पायपुसण्याकडे बघत हळूच म्हणाला, "लहान आहे. विसरून जाईल."

तो तिच्यासाठी विचार न करता पाण्यात उतरला होता, हे मी नाकारत नाही. तिच्यावर त्याची माया होती. म्हणूनच मला त्याला वाईट माणूस म्हणून मोकळं होता येत नाही. कुणी परक्याने हे केलं असतं तर मी चार लोकांत सांगितलं असतं, शिव्या दिल्या असत्या. याचं मी कुणाजवळ बोलले नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक विचारायचे, "हल्ली तुमचा कॅम्पिंगचा ग्रुप कुठे जातो?" मी विषय बदलायची.

काही महिन्यांनी त्याचं नागरिकत्व झालं. त्याची बायको पेढे घेऊन आली. मी एक उचलला, तिचं अभिनंदन केलं. "सई आहे का?" तिने विचारलं. सई आतल्या खोलीत होती. हाक मारली, पण ती आली नाही. त्याची बायको डब्याचं झाकण लावून जिना चढून गेली. पुढे त्याला ॲथलोनला नोकरी मिळाली आणि त्यांनी घर सोडलं.

आम्ही अजून जातो. तंबू माझा नवरा लावतो, सई मदत करते. यंदाच्या वसंतात एका दुपारी तंबूसाठी जागा शोधत जंगलातल्या वाटेने चढत होतो. वळणावर मोकळं गवत लागलं आणि तिथे तो दिसला. दोन-तीन नवी कुटुंबं होती, पाच-सहा पोरं त्याला घेरून बसली होती आणि तो हातवारे करत काहीतरी सांगत होता. त्याने आम्हाला पाहिलं. हात अर्धा वर आला आणि तिथेच राहिला.

सई दहा वर्षांची आहे आता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"नॉट हिअर, आई," ती म्हणाली आणि पाठीवरची सॅक सावरून पुढे चालू लागली.

आम्ही तिच्या मागे निघालो. झाडी दाट होईपर्यंत त्या पोरांचं हसणं ऐकू येत होतं. त्याचा आवाज मात्र थांबला होता.