नहरीचं पाणी

रझिया आपा. ज्यांच्यामुळे मी शिकलो त्यांचं नाव आधी घेतो, मग पुढचं सांगता येईल. हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नाही.

माझे वडील देवगाव रंगारीहून औरंगाबादला आपांच्या घरी ज्वारी पोचवायचे. त्या ओळखीवर कॉलेजला असताना मला त्यांची बाहेरची खोली मिळाली. आपा मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत, आणि संध्याकाळी ओसरीवर मला इंग्रजी. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या ओसरीवर घडला.

आपा फोटोही काढत — पडद्यातल्या नवऱ्या मुलींचे. पुरुष फोटोग्राफरला आत जाता येत नसे, आणि फिल्म बाजारात धुवायला दिली तर दुकानदार ते चेहरे पाहणार. म्हणून न्हाणीला काळे पडदे लावून त्या फिल्म घरीच धुवत. मी आत कधी गेलो नाही. माझ्याकडे फक्त पाणी. घरामागच्या विहिरीचं पाणी जड — त्यात डाळ शिजत नसे, आणि फिल्मवर थेंब वाळला की पांढरा डाग राही. शेवटच्या धुण्याला पाणचक्कीजवळच्या नळावरून नहरीचं, म्हणजे डोंगरातून येणारं हलकं पाणी आणायचं, उकळून निवू द्यायचं, मलमलीतून गाळायचं.

“देवगावचा गडी अन् एका घड्याला थकला?” आपा चिडवायच्या.

ती दुपार अजून डोळ्यांपुढे तरंगते. उन्हाळा, नळावर रांग. घडा ठेवून मी वडाखाली टेकलो. हौदात पाणी पडत होतं — त्या आवाजाबरोबर मी कुठं वाहत गेलो? पाण्याखालून चालत असल्यासारखं वाटलं, वर हिरवा उजेड हलत होता. जाग आली तेव्हा नळ गेला होता. रिकाम्या हातानं जायचं? मी विहिरीचं पाणी भरलं. गढूळ होतं ते. तसंच न्हाणीच्या उंबऱ्यावर ठेवलं.

“नहर का है ना?” आतून आवाज आला.

“व्हय, आपा.”

इथवर आळस म्हणता येईल. तेवढाच असता तर —

त्या फिल्मवर शेजारच्या नसीमचे फोटो होते. निकाह होऊन ती सकाळीच परदेशी सासरी निघाली होती. आईजवळ राहणार होते ते एवढे फोटोच. उन्हाळ्यात फिल्मवरचा लेप मऊ पडतो. त्यात रुतलेली बारीक माती निघाली नाही. देवीचे व्रण असावेत तसे ठिपके पोरीच्या चेहऱ्यावर आलेत, आपा म्हणाल्या. पट्टी हातात तशीच धरून त्या ओसरीवर बसल्या.

“तू तो केमिस्ट्रीवाला है. सच बोल, पानी में कुछ था क्या?”

पाण्याचा जडपणा कसा मोजतात, हे मी त्याच वर्षी शिकलो होतो. मी म्हणालो, “पाण्यात काय खोट नव्हती. भांडं नीट विसळलं नसंल, आपा. अंधारात तुम्हाला आता दिसत नसंल.”

का म्हणालो? नुसतं गप्प बसता आलं नसतं का?

आपांनी स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरून पाहिली. मग घरात बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईला हसून म्हणाल्या, “पढा-लिखा लड़का बोल रहा है, अम्मी.”

त्यांनी पुन्हा फिल्म धुतली नाही. काळे पडदे उतरवून त्या कापडाच्या उशांना खोळी शिवल्या. त्यातली एक माझ्या उशीला होती. पदवी मिळेपर्यंत मी तिच्यावर डोकं ठेवून झोपलो — आणि झोप लागायची. मोहल्ल्यातल्या मुली त्यानंतर फोटोशिवायच सासरी गेल्या.

आपा आता फार थकल्यात. गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं :

“आपा, सलाम. नसीमच्या फिल्मला मी दिलेलं पाणी नहरीचं नव्हतं. आपल्या विहिरीचं होतं. उकळलं नव्हतं, गाळलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं. भांडं स्वच्छ होतं. तुम्हाला अंधारात नीट दिसत होतं.”